मुकादम नसलेला खेळ

सेलूच्या कापूस खरेदी केंद्राच्या भिंतीला लागून चंद्रभानचं पत्र्याचं शेड होतं आणि शेडात एक पेटी होती. बाहेर पत्र्यावर लाल रंगात ‘व्हिडिओ गेम’ असं लिहिलेलं होतं, पण तसं कुणी म्हणत नसे. गाडीवाले पेटीच म्हणायचे. त्यांच्या बैलगाड्या कापूस भरून भिंतीच्या कडेनं रांगेत उभ्या असत, कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त. रांगेतल्या माणसाला करायला काही नसतं आणि उठून कुठं जाताही येत नाही. हे चंद्रभानला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, उसाच्या गाडीवर बसून कळलं होतं.

तो मूळचा येलदरीकडचा. तिथल्या धरणाच्या वरच्या अंगाला बापाची मुरमाड जमीन होती, ती थोरल्या दोघा भावांनाच पुरत नव्हती. लग्न झालं त्याच वर्षी तो आणि सुलाबाई कोयत्यावर गेले. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. ऊसतोडीत माणसं अशीच धरतात. एकटा आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात.

कारखान्याच्या गावच्या बाजारात एका सायकल दुकानाच्या मागं त्यानं पेटी पहिल्यांदा बघितली. ऊस रिकामा करून परतताना तो तिथं थांबायचा. खेळायचा नाही, नुसता बघायचा. काचेत बोटाएवढा एक माणूस डोक्यावर मोळी घेऊन माळ्यामागून माळे चढत होता. सगळ्यात वर एक धिप्पाड माणूस उभा राहून खाली पेटलेली चाकं सोडत होता. चाक लागलं की बोटाएवढा माणूस मरायचा आणि लगेच तळाला पुन्हा उभा राहायचा, मोळीसकट. सुलाबाई एकदा त्याच्या मागं येऊन उभी राहिली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, आपलंच बघायला इथं कशाला थांबायचं. पण चंद्रभानला ते आपलं वाटलं नव्हतं. आपण असे लगेच उभे राहत नाही, एवढंच त्याच्या मनात आलं होतं.

परभणीला टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेले व्यंकटराव गावोगाव अशा पेट्या ठेवत. जमीन बटईनं द्यावी तशी, कमाईतल्या वाट्यावर, त्यांनी एक पेटी चंद्रभानला दिली. तेव्हापासून कोयता सुटला. दोघांचे दोन कोयते सुलाबाईनं शेडाच्या पत्र्याखालच्या बल्लीत खोचून ठेवले. दसऱ्याला ती ते उतरवायची, तेल-कुंकू लावायची आणि परत खोचायची. शेडाच्या दाराशी तिनं चहाची किटली मांडली. पोरगी सेलूच्याच शाळेत बसली.

पेटीतल्या माणसांना नावं कुणी दिली ते चंद्रभानला आठवत नव्हतं. खालचा तो मुंजा. मुंजा पिंपळावर राहतो, मेलेलाच असतो, त्यामुळं पुन्हा मरत नाही. आणि वरचा मुकादम. खेळणाऱ्यांतले निम्मे कधी ना कधी कोयत्यावर जाऊन आले होते. वर उभा राहून खालच्यावर चाकं सोडणाऱ्याला त्यांनी दुसरं काय म्हणायचं? मुंजा वर पोचला की मुकादम धाडकन पडायचा, सगळे हसायचे, आणि काच एकदा काळी होऊन पुन्हा तेच माळे, तोच मुकादम, फक्त चाकं जरा जोरात. पडलेला मुकादम परत वर कसा, असं कुणी विचारलं नाही. दर दिवाळीला तो टोळी जमवायला येतोच, हे सगळ्यांना माहीत होतं.

खेळता खेळता केंद्रातून नंबर पुकारला जाई. मग पेटीचा दांडा सोडून गाडी पुढं घ्यायला पळावं लागे, नाहीतर रांगेच्या शेवटी. नाण्यावर मिळालेले मुंजे अजून शिल्लक असायचे. पहिल्याच वर्षी कुणीतरी असा पळाला आणि शेजारच्याला म्हणून गेला, धरा. तिथून ती रीत पडली. उरलेला खेळ जवळच्या हातात द्यायचा, ओळख असो नसो. घेणाऱ्यानं दुसऱ्याचा मुंजा निष्काळजीपणानं मारायचा नाही, आणि आपला नंबर आला की पुढच्याला द्यायचा. एक मुंजा कधी कधी तीन गावांच्या हातांतून वर पोचे. धंद्याच्या हिशेबानं हे वेडेपणाचं होतं. एका नाण्यावर तिघं खेळत होते. चंद्रभाननं व्यंकटरावांना ते कधी सांगितलं नाही. धरा हा शब्द कानावर आला की त्याला शेड आपलं वाटायचं.

ब्याण्णवच्या दसऱ्यानंतर व्यंकटराव एका पोत्यात गुंडाळलेला हिरवा बोर्ड घेऊन आले. पेटीतला सगळा खेळ त्या बोर्डातच असतो. पेटीचं मागचं दार उघडून त्यांनी जुना बोर्ड काढला आणि तो बसवला.

“हा दुसरा भाग,” ते म्हणाले. “त्याच कंपनीचा. सगळीकडे लागलाय.”

“पैल्याला काय झालं?”

“काही झालं नाही. जुना झाला.”

चंद्रभानला हे उमगलं नाही. बोर्ड गंजला नव्हता, जळला नव्हता. काल संध्याकाळपर्यंत मुकादम पडत होता. व्यंकटरावांनी त्याला समजावलं की माणूस एकाच गोष्टीला कंटाळतो, पण एकदम परकं काही समोर ठेवलं तर बुजतो. म्हणून कंपनी माणूस तोच ठेवते आणि बाकीचं बदलते. स्टेशनजवळ नवं पार्लर झालं होतं, तिथं सगळे नवे भाग होते, कॉलेजची पोरं तिकडंच वळली होती. चंद्रभानच्या शेडात गेल्या वर्षापासून गाडीवाल्यांशिवाय कुणी येत नव्हतं, आणि गाडीवाले हंगामापुरतेच. व्यंकटराव म्हणाले, कार्तिक पौर्णिमेपर्यंत दोन्ही बोर्ड ठेवा, लावून बघा, मग मी एक परत नेईन. जुना ठेवलात तर तसं सांगा. नाहीतर तो कुठं जत्रेत लावता येतो, आणि ठेवलात तरी खेड्यात अजून चालतो.

सेलू म्हणजे खेडं की काय, असं चंद्रभानला विचारायचं होतं.

दुसऱ्या भागात मुंज्याच्या डोक्यावर मोळी नव्हती. पायात बूट होते, हातात काठी होती. माळे गेले होते. मुंजा आडवा पळत होता आणि त्याच्याबरोबर सगळं रान सरकत होतं. मध्ये विहिरी, भिंती, झेपावणारे पक्षी. वाटेत काही ना काही सापडायचं. जे उचलाल त्याप्रमाणं पुढची वाट वेगळी निघायची. चंद्रभान शिकण्यासाठी सकाळभर खेळला आणि दर वेळी निराळ्याच जागी मेला. रंग छान होते. काच पहिल्यांदाच स्वच्छ पुसल्यासारखी दिसत होती. पण संपल्यावर त्याच्या हाताला काही लागत नव्हतं.

वालूरचा वाल्मीक हा जुना खेळाडू. त्याची गाडी त्या वर्षी सगळ्यात आधी रांगेला लागली. तो आला, दांडा धरला, थोडा वेळ मुंज्याला पळवलं आणि थांबला.

“मुकादम कुठाय?”

 नाही म्हणावं तर वाल्मीक उठून जाईल. “शेवटाला हाय म्हनं,” चंद्रभान म्हणाला.

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण म्हनं जोडल्यामुळं ते आपण बोललो नाही असं त्याला वाटलं. दोन दिवसांत रांगभर झालं की दुसऱ्या भागात मुकादम शेवटाला लपून बसलाय, तिथवर अजून कुणी पोचलं नाही. लोक मुकादमाला शोधण्यासाठी खेळू लागले. चंद्रभानही हळूहळू त्या बोलण्यावर विश्वास ठेवू लागला. मग एखाद्या दुपारी शेड रिकामं असताना त्याला आठवायचं की हे आपल्याच तोंडून निघालंय, आणि तो पेटीकडं बघत बसायचा.

त्याच आठवड्यात खरा मुकादम येऊन गेला. माणिकराव, त्यांच्याच गावचा, नात्यानं लांबचा चुलता. कारखान्याला जाणारी टोळीची पहिली गाडी दिवाळीनंतर निघणार होती, दुसरी कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या गाडीत एक कोयता कमी पडत होता. शेड चालत नसंल तर कळव, एवढं बोलून तो चहा पिऊन गेला. बोलण्यात जोर नव्हता. त्यामुळंच सुलाबाई घाबरली. गेल्या वर्षी शेडावर घर कसंबसं चाललं होतं. यंदा पेटी चालली नाही तर माणिकरावाच्या गाडीत बसण्यावाचून इलाज नव्हता, आणि गाडीत बसलं की पोरीची शाळा संपली. ती एवढंच म्हणाली की तिला उसाच्या पाचटात परत झोपायचं नाही, आणि कोणता बोर्ड ठेवायचा ते एकदाचं ठरवा.

चंद्रभानला ठरवता येईना. जुना ठेवला तर गाडीवाले राहतील. पण हंगाम संपला की कोण? नवा ठेवला तर कॉलेजची पोरं येतील कदाचित. पण गाडीवाले जातील, आणि पोरं तरी स्टेशन सोडून इकडं कशाला येतील? मग त्यानं एक गोष्ट केली. सकाळी जुना बोर्ड लावायचा, दुपारी नवा. स्वतःच मागचं दार उघडून अदलाबदल करायचा. त्याला वाटलं, याच्यातून आपोआप कळेल. कळलं काहीच नाही. सकाळी मुकादमाला पाडून गाडीकडं गेलेला माणूस दुपारी परत आला की त्याला काचेत भलतंच रान दिसे.

“सकाळी तर मुकादम होता की रं,” एक जण म्हणाला.

“जेवायला गेला,” वाल्मीक म्हणाला.

लोक हसले. चंद्रभानही हसला, पण त्याचा घोळ वाढला. सकाळी लोक शांतपणे खेळत, पुढं काय येणार हे ठाऊक असल्यासारखे, आणि धरा म्हणून देत-घेत. दुपारी नंबर पुकारला की खेळणारा इकडंतिकडं बघे आणि कुणी हात पुढं करीत नसे. मुंज्यानं वाटेत काय उचललंय, पुढं विहीर आहे की भिंत, हे ज्यानं खेळलं त्यालाच माहीत. दुसऱ्याचा मुंजा अनोळखी रानात आपल्या हातानं कोण मारणार? दांडा तसाच सुटायचा आणि मुंजा उभ्या उभ्या मरायचा. तीन-चार माणसं ते बघत उभी असायची. पहिल्या भागात असं कधी झालं नव्हतं.

त्याला राग यायचा, पण कशाचा ते नीट सांगता येत नव्हतं. एकदा सुलाबाईजवळ तो बोलून गेला की नव्या भागातला मुंजा मुंजाच वाटत नाही, डोक्यावर मोळी नाही आणि पायात बूट काय.

सुलाबाई कपबशा विसळत होती. “त्यानं मोळी टाकली तर तुमाला कामून राग यायलाय?” ती म्हणाली. “तुमी बी टाकलीच की.”

 चंद्रभान दिवसभर ते डोक्यात घेऊन फिरला. आपण कोयता सोडून इथं आलो, बूट नाही पण चपला घातल्या, पोरगी शाळेत घातली. मग आपण तेच का? गावाकडचे तेच म्हणतात. येलदरीचा चंद्रभान, असंच अजून सगळे ओळखतात. पण मग मुंज्यानं तेवढं कायम तिथंच का राहायचं? आणि नाही राहायचं म्हटलं तर जे आवडत होतं ते नक्की काय होतं? मुंजा, का मोळी, का पडणारा मुकादम, का ते धरा? एकाला हात लावला की दुसरं निसटत होतं.

कार्तिक पौर्णिमेला दुपारी व्यंकटराव आले. नवा बोर्ड लागलेला होता. जुना पोत्यात गुंडाळून बाकावर ठेवलेला. ते बाकावर बसले, पोतं मांडीवर घेतलं आणि चहा मागितला. पेटीवर वाल्मीक होता. तो त्या दिवशी फार पुढं गेला होता, इतक्या पुढं की बाकीचे खेळणं सोडून त्याच्या मागं गोळा झाले होते. रान संपून डोंगर लागला होता. हा शेवट असेल, असं कुणीतरी हळूच म्हणालं. चंद्रभानही त्यांच्या मागं येऊन उभा राहिला. शेवट आला आणि मुकादम नसला तर?

तेवढ्यात माणिकराव दारातून आत आला. गर्दीनं वाट दिली. तो वाल्मीकच्या कोपराशी येऊन उभा राहिला आणि काचेत बघत चंद्रभानला म्हणाला,

“मला काढून टाकलंस म्हनं ह्याच्यातून?”

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. किती वर्षांपासून, ते कळायला मार्ग नव्हता. तो चेष्टा करतोय की खरंच वाईट वाटलंय, हेही त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. कुणी हसलं नाही. चंद्रभान म्हणाला की तसं काही नाही, कंपनीचं काम आहे. माणिकरावानं मान डोलावली.

आणि बाहेर वालूरचा नंबर पुकारला गेला.

वाल्मीकनं मागं वळूनही बघितलं नाही. सवयीनं दांडा शेजारच्या हातात दिला, “धरा” म्हणाला आणि पळाला. शेजारचा हात माणिकरावाचा होता.

“म्या?” माणिकराव म्हणाला. पण वाल्मीक दाराबाहेर गेला होता. डोंगराच्या कड्यावर मुंजा एकटा उभा होता आणि डावीकडून पक्षी झेपावत होता. माणिकरावाची जाड बोटं बटणावर नुसती ठेवलेली.  मग दारातून, किटलीजवळून, सुलाबाईचा आवाज आला.

“उडी मारा, मुकादम.”

त्यानं मारली. पक्षी खालून गेला. मग एक जण म्हणाला उजवीकडं, दुसरा म्हणाला थांबा, पुढं भिंत हाय, तिसरा म्हणाला आता पळा. पुढं काय आहे हे कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला आपापला तुकडा ठाऊक होता, आपण जिथं मेलो तिथवरचा. जो तो आपल्या मरणाची जागा सांगू लागला. माणिकराव ऐकत होता. उडी म्हटलं की उडी, थांब म्हटलं की थांब. टोळीतल्या माणसांनी त्याला कधी काही करायला सांगितलं नव्हतं, आणि आता सगळे एकदम सांगत होते, आणि तो घाम पुसायलाही हात सोडत नव्हता. मुंजा एकदा मेला, उठला. पुन्हा मेला. शेवटचा मुंजा डोंगराच्या माथ्याखाली, ज्या जागेबद्दल कुणालाच काही सांगता आलं नाही, तिथं पडला. काच काळी झाली.

माणिकरावानं दांडा सोडला. “वालूरवाल्याचा मेला माझ्यानं,” तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर पडलेला होता.

शेवटाला काय आहे ते कळलं नाही. चंद्रभानला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

थोड्या वेळानं माणिकरावानं विचारलं, मग उद्या येता का? चंद्रभाननं सुलाबाईकडं बघितलं. ती किटलीकडं बघत होती.

“न्हाई,” तो म्हणाला. “यंदा न्हाई.”

का नाही, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यानंतर व्यंकटरावांनी मांडीवरच्या पोत्याकडं बोट केलं, तेव्हा तो म्हणाला, तुमचा जुना घेऊन जा. बोलून झाल्यावर त्याला पोत्यावर हात ठेवावासा वाटला, पण व्यंकटराव उठले होते.

त्या हंगामात शेड चाललं. मात्र ते नव्या भागामुळं चाललं असं म्हणता येत नाही. कापूस बरा पिकला होता, केंद्रात माप संथ होतं, रांग लांब होती. पेटीत काहीही असतं तरी कदाचित चाललं असतं. दोन-चार जुने गाडीवाले दारातून आत बघून परत गेले, ते पुन्हा आले नाहीत. बाकीच्यांनी आपली रीत बदलून घेतली. आता दांडा देताना नुसतं धरा म्हणत नसत. डावीकडं विहीर हाय, काठी गेलीय, असं काहीबाही सांगत पळत. शेडात बोलणं वाढलं. चंद्रभानला कधी ते बरं वाटे, कधी पूर्वीची शांतता आठवे. मुकादमाला मात्र कुणी विसरलं नाही. वाटेतल्या झेपावणाऱ्या पक्ष्यालाच ते पुढं मुकादम म्हणायला लागले. चंद्रभान दर वेळी गोंधळायचा. त्याच्या डोक्यातला मुकादम अजून सगळ्यात वरच्या माळ्यावर उभा होता.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला तेव्हा आठवडाभर सगळं बंद होतं. गाड्या गावातच थांबल्या. चहाच्या किटलीशी, चौकात, तोच एक विषय. नाव बदललं म्हणजे काय बदललं, असं कुणी तावातावानं विचारत होतं आणि कुणी तितक्याच तावानं सांगत होतं की सगळं बदललं. चंद्रभान दोघांचंही ऐकायचा. काहींच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते त्यानं आधी कधी बघितलं नव्हतं, एवढं त्याला नक्की कळलं. 

शेड उघडलं त्या दिवशी व्यंकटराव तिसरा भाग घेऊन आले. दुसरा जुना झाला होता. बसवताना त्यांनी सांगितलं की हंगाम संपेपर्यंत बघा, मग एक परत नेईन. म्हणजे पुन्हा तेच. गाड्या अजून रांगेला लागायच्या होत्या, शेड रिकामं होतं. चंद्रभाननं या वेळी फक्त एक गोष्ट विचारली.

“हे अर्ध्यातून दुसऱ्याच्या हातात देता येतं का?”

व्यंकटरावांना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, देण्याचा प्रश्नच नाही, ह्यात दोघं एकदम खेळतात. दोन दांडे बसवलेत बघा. एकमेकांविरुद्ध.

काचेत दोन माणसं समोरासमोर उभी होती. सारखीच. एक लाल, एक निळा. मोळी नाही, बूट नाहीत, काठी नाही. माळा नाही, रान नाही.

“ह्यातला मुंजा कोणता?”

“दोन्ही,” व्यंकटराव म्हणाले आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेले.

चंद्रभान एका दांड्याजवळ जाऊन उभा राहिला. सुलाबाईनं पदराला हात पुसले आणि आत आली. इतक्या वर्षांत तिनं पेटीला हात लावला नव्हता, फडकं मारताना लावला असेल तेवढाच. तिनं दुसरा दांडा धरला. वर बल्लीत दोन्ही कोयते होते. दसऱ्याचं कुंकू अजून त्यांच्यावर वाळून बसलं होतं.

“मी कोणता?” तिनं विचारलं.

“निळा असशील,” तो म्हणाला.

त्यानं नाणं टाकलं. लाल आणि निळा, दोघं हलायला लागले, जागच्या जागी, श्वास घेतल्यासारखे. कुणी कुणाला मारायचं ते दोघांनाही कळेना. वर वेळेचे आकडे उलटे पळत होते. ती त्याच्याकडं बघत होती, तो काचेकडं. आकडे संपले आणि पेटीनं दोघांनाही हरवलं.

“परत लावा,” सुलाबाई म्हणाली.